यादीत नसलेली कडी

बूढी, बालाघाट
ता. १७ नोव्हेंबर १९६८

चि. ललिता,

सुरुवातीला आशीर्वाद लिहावा की नाही, यातच माझा बराच वेळ गेला. लिहिला आहे असं समज. नको असेल तर तेवढं सोडून पुढे वाच.

चार वर्षांत माझं तुला हे पहिलं पत्र. तू आईच्या नावानं पाठवलेली कार्डं उकव्याच्या खाणीवर शेजारचे मास्तर तिला वाचून दाखवायचे. मी तिथेच पेपर उघडून बसलेला असायचो. पेपर पुष्कळदा आदल्या दिवशीचा असे. नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं, भिलाईच्या इस्पितळात नोकरी लागली, कायम झालीस, हे सगळं मला त्या पेपराआडूनच कळलं.

सप्टेंबरअखेर मी स्टोअरकीपरच्या नोकरीतून रिटायर झालो. खाणीचं क्वार्टर सोडावं लागलं. सन एकोणपन्नासमध्ये ताबा घेताना मी स्वतः लिहिलेली यादी ओव्हरसियर चैतरामच्या कपाटात अजून होती. तिच्याशी ताडून त्यानं सगळं पाहिलं. दारं चार, खिडक्या तीन, खुंट्या अकरा. तू लहानपणी लिंबोळ्यांचा नेम धरता धरता दगडानं फोडलेली काचसुद्धा मी बदलून ठेवली होती. काहीही कमी निघालं नाही.

आता बालाघाटला बूढी मोहल्ल्यात दोन खोल्या आणि न्हाणी भाड्यानं घेतली आहे. मागच्या अर्ध्या भागात घरमालकीण राहते. शेवंताबाई नाव, विधवा आहे, मूळची भंडाऱ्याकडची. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. या घराचे वासे आम्ही येण्याआधीच फिरलेले आहेत, एकही सरळ नाही. सामान बैलगाडीतून उतरवायच्या आधी मी कागद घेऊन घराची यादी करायला बसलो. आज कशी स्थिती आहे ते आजच लिहून ठेवावं, म्हणजे जाताना कुणी बोट दाखवायला नको. पुढच्या दाराची डावी फळी खालून कुरतडलेली. स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत काळी, छुईच्या पांढऱ्या मातीचा हात दोन वर्षांत फिरलेला नाही. छपरावरचे कवेलू फुटके, दिसतील तेवढे सतरा. न्हाणीचा दगड हलतो.

शेवंताबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. म्हणाली, "बाबूजी, घर भाड्यानं घेऊन राह्यले का जप्ती आणून राह्यले?"

मी म्हटलं, बाई, दोघांच्या सोयीचं आहे. ती म्हणाली, "माह्या घराले कोनी असं पाह्यलं नाई आजपावेतो. पोरगी पाहाले आल्यावानी पाहून राह्यले." आणि आत गेली. अजून रागातच आहे.

आता खरं काम. तुझ्या आईला मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उजवा पिकला आहे. उकव्याला तिचं निभत होतं, कारण पायांना घर पाठ होतं. इथे ती रोज कुठे ना कुठे आपटते. म्हणून मी ती यादी तिला रोज वाचून दाखवतो. चुलीपासून न्हाणीपर्यंत नऊ पावलं, सातव्या पावलाला उंबरा. तुझी आई परवचा म्हटल्यासारखं ते म्हणते आणि भिंतीला हात लावत चालते. स्वयंपाक मी करतो. पोळ्यांचं वर्णन करत नाही. कंबर गेली आहे, आणि खरं सांगायचं तर हे सगळं नव्यानं मांडायची आता ताकद राहिली नाही.

जानेवारीत इथे डोळ्यांचं शिबिर आहे. सहा तारखेला ऑपरेशनं सुरू होतील. नाव डिसेंबरअखेरपर्यंत द्यायचं आहे. मी द्यायला निघालो तर तुझी आई म्हणाली, "पट्टी सोडतानी ललिता समोर पाह्यजे. ते येत असन त नाव द्या. नाई त राहू द्या डोया तसाच."

मी पुष्कळ समजावलं. वादही घातला. ती हलत नाही. डॉक्टर म्हणाले, आता उशीर केला तर डोळा हातचा जाईल. म्हणून लिहितो आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. तिच्यासाठी ये.

खाली 'तुझे बाबा' असं लिहायचा धीर होत नाही, नाव लिहितो.

खेमराज


बूढी, बालाघाट
ता. १ डिसेंबर १९६८

चि. ललिता,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन रोज दारावरून जातो आणि मी रोज त्याला 'काही नाही ना?' असं विचारतो. तोही मानेनं 'नाही' म्हणतो. आमची चांगली ओळख झाली आहे.

तू लिहिणार नाहीस असं दिसतं. तरी मी लिहितो. इथे मला दुसरं काम काय आहे?

परवा शेवंताबाईचा राग उतरला. पोह्याची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "कुठं आहे ते तुमची जप्ती? वाचा मले. अंगठा द्याचा असन त ऐकूनच दीन."

मी वाचलं. पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत ती मान हलवत ऐकत होती. मला वाटलं, संपलं, आता शाईचा डबा पुढे करावा. तर म्हणाली, "हे त दिसते तेच लिहिलं तुमी. न दिसणारं कोन लिहीन?"

मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेलो. मधल्या खोलीच्या मयालीला, म्हणजे छपराच्या तुळईला, तडा आहे, गेल्या दिवाळीत तिनं तो मातीनं बुजवला. चुलीच्या वरच्या कोपऱ्यातून दोन वर्षांपूर्वी साप निघाला होता. मागच्या पायरीचा दगड पावसानं फुटला असं ती सगळ्यांना सांगते, पण तो तिनंच फोडला. "सासूवर राग होता. तिच्यावर हात उचलता येत नोहता. दगडावर उचलला. लिहा."

मी म्हटलं, बाई, एवढं नको.

"काहून नको? आता मधल्या खोलीचं लिहा. माहा माणूस इथंच मेला. सहा महिने पडून होता, याच कोपऱ्यात. अखेरी अखेरी मीच म्हनत होती, मर बावा एकदाचा. हेही लिहा."

मी टाक खाली ठेवला. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, तिचे डोळे मिटलेले होते. ते तसेही मिटलेलेच असतात. शेवंताबाई म्हणाली, "बाबूजी, उद्या शेजारपाजारचं कोनी तुमाले सांगन, या घरात असं झालं, तसं झालं. तवा तुमाले वाटन का बुढीनं लपवलं. लपवून घर देल्लं त ते घर देल्लं म्हनाचं काय?"

तिचं शेवटचं वाक्य सोडून मी बाकी लिहिलं. एकूण कलमं तेवीस झाली. तिनं अंगठा दिला आणि बोट लुगड्याला पुसता पुसता सहज म्हणाली, "तुमी बी उकव्यावरून असंच सारं सांगून निंगाले असान. लिहिनारे मानसं तुमी."

मी 'हौ' म्हणालो.

तिनं आणलेले पोहे मला गेले नाहीत. तुझ्या आईनं विचारलं, काहून नाही खात? भूक नाही असं सांगितलं.

उत्तर लिही, किंवा नुसतं कोरं कार्ड पाठव. नाव द्यायला तीस दिवस आहेत.

खेमराज


ता. ५ डिसेंबर, दुपारी

ललिता,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की क्वार्टरच्या यादीत काहीही कमी निघालं नाही. ते खरं आहे. कमी काहीच नव्हतं. एक वस्तू जास्त निघाली.

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी.

चैतराम यादी घेऊन त्या दारापाशी थांबला. म्हणाला, "बाबूजी, ये बाहर की कुंडी लिस्ट में नहीं है." त्याच्या बोलण्यात संशय काहीच नव्हता. मी म्हणालो, "पहले से थी. लिखने में छूट गई होगी." त्यानं लगेच यादीच्या तळाशी लिहिलं, बाहेरची कडी एक, पूर्वीपासून. मी सही केली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी एका खिळ्याचीही खोटी नोंद केली नाही, हे चैतरामला ठाऊक आहे. म्हणून तर त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ती कडी मी लावली, ऑगस्ट त्रेसष्टमध्ये. तुला सांगायला नको, तू आत होतीस. पण माझ्या हातानं एकदा लिहिलेलं असू दे. नर्सिंगच्या मुलाखतीचं नागपूरचं बोलावणं आलं होतं आणि त्याच आठवड्यात वारासिवनीचे पाहुणे तुला पाहायला येणार होते. तू म्हणालीस, मी मुलाखतीला जाणार. मी म्हणालो, परक्यांची घाण काढायला माझी मुलगी जाणार नाही. स्टोअरमध्ये कड्यांचं पोतं पडलेलं होतं, तरी मी बाजारातून विकत आणली. चोरीचा डाग नको म्हणून! त्या वेळी मला तेवढीच एक गोष्ट चुकीची वाटत होती.

तीन दिवस तू आत होतीस. दोन दिवस मी रजा काढली. आई ताट आत ठेवत होती. तिसऱ्या दिवशी, मुलाखतीची तारीख उलटल्यावर, मी तुझ्या आईला म्हटलं, उघड. पाहुणे आले, पाहून गेले, त्यांना पसंत नव्हतं. दुसऱ्या वर्षी तू मावशीकडे गोंदियाला म्हणून गेलीस आणि तिथून परस्पर नागपूर गाठलंस. मी लोकांना सांगत राहिलो की मुलगी ऐकत नाही.

शेवंताबाई दगडावर काढलेल्या रागाची नोंद करून घेते आणि मी सही करून खोटं बोलून आलो. मला लाज वाटते. येत्या आठवड्यात उकव्याला जातो. ती नोंद दुरुस्त करून, कडी काढून आणतो.

खेमराज


बूढी, बालाघाट
ता. १४ डिसेंबर १९६८

चि. ललिता,

सकाळच्या बैहर गाडीनं उकव्याला जाऊन आलो. घाटात बस दोनदा थांबली, पाणी मागत होती. तिच्यात आणि माझ्यात फारसा फरक उरलेला नाही.

कडीचे स्क्रू काढायला पेचकस पिशवीत नेला होता. मला वाटत होतं, पाच मिनिटांचं काम आहे. चैतरामनं खुर्ची दिली, तब्येत विचारली. मी म्हटलं, ती कुंडी माझी आहे, काढून न्यायला आलो. तो हसला. "बाबूजी, आपने ही तो लिखवाया, पहले से थी. आपके दस्तखत हैं. अब तो वो कंपनी की हो गई. पेचकस लगाओगे तो चोरी में आ जाओगे."

हा नियम मीच त्याला शिकवला होता. यादीत चढलं ते मालकाचं.

मी म्हटलं, मग नोंद दुरुस्त करा. तर त्याला अर्ज लागतो आणि अर्जात कारण. मी त्याच्याच टेबलावर बसून हिंदीत लिहिलं. अर्थ असा की, सदर कडी माझ्या मुलीला खोलीत कोंडून ठेवण्यासाठी मी लावली होती, आणि ताबा देताना ती पूर्वीपासून असल्याचं मी खोटं सांगितलं.

चैतरामनं वाचलं. "ललिता बिटिया को?" एवढंच म्हणाला. तुला तो सायकलच्या दांड्यावर बसवून बाजारात न्यायचा, आठवतं का? त्यानं अर्जावर शिक्का मारला, आवक नंबर घातला. साहेबांकडे नागपूरला जाईल, दोन महिने लागतील म्हणाला. चहा सांगितला नाही. उकव्यात मी त्याच्याकडे गेलो आणि त्यानं चहा सांगितला नाही असं पहिल्यांदाच झालं.

तरीही मी क्वार्टरवर गेलो. निदान पाहून यावं. नव्या स्टोअरकीपरची बायको, दुर्गाबाई, दारातच होती. तिनं आत बोलावलं. ती कडी लावलेली होती. मी म्हटलं, ही निघणार आहे, अर्ज दिला आहे.

"नका काढू जी भाऊजी," ती म्हणाली, "लई कामाची आहे. अंदर दूध ठेवतो आमी. मांजर पेऊन जाते."

मी म्हटलं, ठीक आहे, पण आत माणूस असताना लावत जाऊ नका.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "अंदर मानूस असल्यावर कोन लावन?"

पाणी पिऊन निघालो. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही, उभा होतो. ते बरंच झालं असं वाटलं.

घरी आल्यावर तुझ्या आईनं विचारलं, कुठं गेलते? मी सगळं सांगितलं, अर्जासकट. ती म्हणाली, "कडीसाठी कायले गेले इतक्या दूर?" आणि भिंत धरून न्हाणीकडे गेली. उंबरा तिच्या बरोबर लक्षात होता. तिच्या म्हणण्याचा अर्थ मला लागला नाही.

कडी आणू शकलो नाही, ललिता. नाव द्यायला आता सतरा दिवस आहेत. काल सकाळी तुझ्या आईनं चुलीच्या निखाऱ्यावर हात ठेवला, तिला वाटलं राख आहे. फोड आला आहे. मी तुला भीती घालायला लिहीत नाही, पण लपवूनही ठेवत नाही. लपवण्याचा मला आता फार कंटाळा आला आहे.

तुला यायचं नसेल तर तसं आईलाच लिही. शेवंताबाईच्या भाच्याकडून वाचून घेऊ. मी बाहेर जाऊन बसेन.

खेमराज


भिलाई
ता. २१ डिसेंबर १९६८

बाबा,

चारही पत्रं मिळाली. पहिली दोन मी उघडून पुन्हा बंद करून ठेवली होती. तिसरं आल्यावर तिन्ही एकदम वाचली.

आईचं नाव द्या. मी रजा टाकली आहे. भाजलेल्या हाताला राख, हळद, तेल काहीही लावू नका. स्वच्छ कापडात सैल बांधा आणि फोड फोडू नका. ऑपरेशनआधी तो बरा व्हायला हवा. घराची यादी तिला वाचून दाखवता ते चांगलं करता. इथे आम्ही पट्टी बांधलेल्या रोग्यांना तसंच पलंगापासून पावलं मोजून शिकवतो.

आता कडीचं. तुम्ही इतकं खरं लिहिलंत, तर जे तुम्हाला ठाऊक नाही ते मीही लिहिते. आईला विचारू नका. ती पाच वर्षांत बोलली नाही, आताही बोलणार नाही.

ती कडी फक्त एकच दिवस लागलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट आत ठेवून जाताना आईनं ती पुन्हा लावली नाही, मुद्दाम उघडीच ठेवली. जाताना माझ्याकडे पाहिलं. दार बोटभर उघडं होतं. माझी पिशवी भरलेली होती. नागपूरला पोचायला अख्खा दिवस हातात होता.

फटीतून मला तुम्ही दिसत होता. मधल्या खोलीत खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून तुम्ही स्टोअरचं रजिस्टर लिहीत होता. दिवसभर. मागे वळून एकदा पाहिलं असतंत तर कडी उघडी दिसली असती. मी हाक मारली, बाबा म्हणून. तुमचा टाक थांबला. मी पुन्हा हाक मारली. तुम्ही टाक बुडवला आणि लिहायला लागलात.

तुमच्या शेजारून चार पावलं टाकली असती तर मी अंगणात असते. तुम्ही मला धरलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माझ्याकडे न पाहणाऱ्या त्या पाठीवरून मला पुढे जाता आलं नाही. मी दार आतून लोटून घेतलं आणि बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तुम्ही आईला 'उघड' म्हणालात तेव्हा तिनं कडीचा नुसता आवाज केला. गाडी माझी तशी चुकली. इतकी वर्षं तुमचा राग करावा की माझा, हे मला ठरवता आलं नाही. थकून गेले मी त्यानं.

म्हणून तो अर्ज परत घ्या. दुर्गाबाईंचं दूध वाचतंय ते वाचू द्या.

मी चार जानेवारीला गोंदियाहून दुपारच्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं येते. आईला शेवंताबाईंपाशी बसवा आणि स्टेशनवर तुम्ही स्वतः या. छोट्या गाडीला गर्दी असते, चार वर्षांत मी बरीच बदलले आहे, तुम्ही मला ओळखाल असं नाही. मीच तुम्हाला पाहीन आणि हाक मारीन.

एकदाच मारीन, बाबा.

ललिता